मोरपंखी पैंजणांचे आठ दिवस

कोल्हापुरात मी पंचवीस-सव्वीस वर्षं फोटोंचे रंग जुळवले. आधी दुसऱ्याच्या लॅबमध्ये, मग स्वतःच्या एका खोलीत. फोटो काढणाऱ्याचं नाव फोटोच्या मागं शिक्क्यानं येतं, रंग जुळवणाऱ्याचं कुठंच येत नाही. म्हणून ह्या कामाबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा मी ठरवलं, हातून जे बरं झालं ते थोडक्यात सांगायचं आणि जे चुकलं ते सविस्तर.

नव्वदच्या दशकात मी ज्या लॅबमध्ये होते तिथं जिल्हाभरातून फिल्मचे रोल यायचे. रोल धुऊन झाला की निगेटिव्ह मशीनमध्ये घालायची. समोर छोट्या पडद्यावर चित्र दिसायचं आणि हाताखाली बटणं असायची. एक पिवळ्याचं, एक गुलाबीचं, एक निळ्याचं, आणि एक फोटो गडद-फिकट करायचं. मशीन आपल्या अंदाजानं रंग ठरवायचं. तो अंदाज चुकला असं वाटलं तर बटण दाबून दुरुस्त करायचं. एका फोटोला दोन-तीन सेकंद मिळायची. दिवसाला दीड-दोन हजार फोटो डोळ्यांसमोरून जायचे.

मी वाढले ती गल्ली बुद्धविहाराच्या मागची. आमच्याकडं लग्नात नवरा-नवरी दोघंही पांढऱ्या कपड्यांत असतात. मशीनला एवढं पांढरं बघायची सवय नव्हती. उजेड फार झालाय असं समजून ते सगळा फोटो गडद करून टाकायचं. पांढरी साडी राखेसारखी आणि माणसांची तोंडं काळवंडलेली. आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांचे फोटो तसलेच होते. आपले फोटो असेच येतात, अशी आमच्या लोकांची समजूत झालेली. मी मशीनवर बसल्यावर पहिल्याच महिन्यात तसला एक रोल आला. मी बटण दाबून फोटो दोन घरं फिकट केला आणि साडी पांढरी झाली. मुलीचे वडील फोटो न्यायला आले, काउंटरवर उभ्याउभ्या सगळे बघितले आणि एवढंच म्हणाले, "आमची पोरगी अशी दिसती व्हय!" त्यानंतर हातकणंगल्यापासून आमच्या लोकांच्या लग्नांचे रोल आमच्याच लॅबला यायला लागले.

एकदा एक गृहस्थ म्हशीचा फोटो घेऊन भांडायला आले. दिवाळीत म्हैस सजवून तिचा फोटो काढला होता. "बाई, माझी म्हस निळी का केलासा?" फोटो सावलीतला होता. उघड्या आभाळाखालच्या सावलीत काळ्या रंगावर निळी झाक येते. डोळ्याला ती जाणवत नाही, फिल्मला जाणवते. मी पिवळं वाढवून परत काढला. त्यांनी तो बाहेर उन्हात नेऊन बघितला आणि आत येऊन म्हणाले, "आता वळकाय आली."

असल्या गोष्टींमुळं धंद्यातले लोक "शैलाताईच्या डोळ्याखालून घाल" असं म्हणायला लागले. मला त्याचा अभिमान होता. पुढं जे झालं त्याला हा अभिमानही कारण होता, म्हणून हे सांगितलं.

दोन हजार सालानंतर रोल कमी होत गेले आणि लॅब बंद पडली. मी शाहूपुरीत पहिल्या मजल्यावर एक खोली घेतली. एक डिजिटल कॅमेरा, एक कॉम्प्युटर, दोन मोठे दिवे. लग्नाची कामं मी घेत नव्हते. दागिने, भांडी, चपला अशा मालाचे फोटो काढून द्यायचे, कॅटलॉगसाठी छपाईवाल्याकडं पाठवायचे, हे माझं काम.

दोन हजार पाच-सहा सालच्या सुमाराला हुपरीच्या रत्नाक्का माझ्याकडं आल्या. हुपरीत घरोघरी चांदीचे पैंजण होतात. रत्नाक्कांचे मालक, म्हणजे त्यांचा नवरा, साखळी आणि घुंगरं करायचे आणि मीना त्या स्वतः भरायच्या. मीना म्हणजे चांदीवरच्या नक्षीच्या खोलगट जागेत रंग भरायचा आणि तापवून पक्का करायचा. हाताखाली शेजारच्या दोन बायका. वय पंचेचाळीसच्या आसपास, आवाज खणखणीत. आमच्या भागात बाया-माणसं सगळीच "मी आलो, मी जातो" असं बोलतात, तशाच त्याही बोलायच्या.

पिशवीतून त्यांनी एक जोड काढून टेबलावर ठेवला. मोरपंखी मीना. मी आजवर बरेच दागिने बघितलेत, पण तसला मोरपंखी बघितला नव्हता. निळा आणि हिरवा एकमेकांत पुरते मिसळलेले, आणि चांदीच्या कडेला रंग कुठंही ओघळलेला नाही.

"निपाणीला शिवलिंगअण्णा म्हणून व्यापारी हायत," त्या म्हणाल्या. "त्यांनी कॉम्प्युटर घेटलाय. म्हणत्यात, दर टायमाला नमुना घिऊन कशाला येतीस, फोटोची शीडी पाठव, त्यातनं निवडतो. चांगलं काढा ताई. माझा माल पयल्यांदाच आसा फोटोवर जायालाय."

मी सहा रंगांचे पैंजण घेऊन दिवसभर फोटो काढले. छपाईसाठी काढायचे तशाच पद्धतीनं, सगळ्यात उंची सेटिंग लावून. रत्नाक्का पडद्यासमोर पैंजण धरून बघत होत्या. "तस्सं आलंय की," त्या म्हणाल्या. मी सीडी करून दिली.

पंधरा दिवसांनी अण्णांनी मोरपंखी रंगाची मोठी ऑर्डर दिली. रत्नाक्का आणि त्या दोघी बायकांनी महिनाभर बसून ती पुरी केली. माल निपाणीला गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. रत्नाक्का ते खोकं तसंच घेऊन माझ्याकडं आल्या. तोंड उतरलेलं होतं.

"अण्णा म्हणत्यात, फोटोत एक दावलीस आन् माल दुसरा दिलीस. फोटोतला रंग म्हणं मवाळ हाय, राखाडीकडं झुकलेला. शहरातल्या बायकांस्नी तसलाच पायजे म्हणून त्यांनी निवडला. आन् आता ह्यो भडक माल आला म्हणत्यात."

मी तो फोटो माझ्या पडद्यावर उघडला. पैंजण शेजारी धरला. दोन्ही एकसारखे होते, केसाचाही फरक नव्हता.

"बघा रत्नाक्का. कुठं आहे राखाडी?"

"न्हाय की."

"मग तुमचे अण्णा खोटं बोलतायत. गिऱ्हाईक फिरलं असेल, म्हणून माल परत करायला निमित्त काढलंय."

हे वाक्य माझं. मी पुरत्या खात्रीनं बोलले. माझ्या डोळ्यासमोर दोन्ही रंग होते आणि माझ्या डोळ्यावर माझा विश्वास होता. रत्नाक्कांनी माझ्याकडं बघितलं, मान हलवली, खोकं उचललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निपाणीला गेल्या. अण्णांच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी अण्णांना लबाड म्हटलं. अण्णांनी त्यांना जा म्हणून सांगितलं. त्या गेल्यावर अण्णांनी ओळखीच्या तिघा व्यापाऱ्यांना कळवलं की हुपरीच्या रत्नाबाईचा माल घेताना जपून, दाखवते एक आणि देते एक.

हे मला रत्नाक्कांच्याच फोनवरून कळलं. मला संताप आला. मी म्हटलं, "थांबा, मी त्यांना इमेलनं फोटो पाठवते आणि लिहिते की आमच्याकडं मालाशी तंतोतंत जुळतोय."

माझ्या खोलीत तेव्हा इंटरनेट नव्हतं. खालीच सायबर कॅफे होता. तिथं जाऊन मी माझ्याजवळची सीडी घातली आणि फोटो उघडला.

पैंजण राखाडी होते.

अगदी राखाडी नाहीत, पण मोरपंखीतला जीव गेलेला. उन्हात वर्षभर वाळत घातलेल्या साडीसारखे. आधी मला वाटलं, ह्यांचा पडदा जुना असेल. बाजूच्या कॉम्प्युटरवर बसले. तिथंही तेच. मग त्याच कॉम्प्युटरवर फोटो बघायचा दुसरा एक प्रोग्रॅम होता, त्यात उघडला. लगेच मोरपंखी. पहिल्यात परत उघडला. राखाडी. पडदा तोच, फोटो तोच, मी तीच.

पाच मिनिटांत सगळा उलगडा झाला. उलगडा झाला म्हणण्यापेक्षा, मला हे माहीत असायला हवं होतं. पुण्यात एका शिबिरात शिकवलेलंही होतं.

न समजणाऱ्यांसाठी सांगते. कॉम्प्युटरमधला फोटो म्हणजे नुसते आकडे असतात. प्रत्येक ठिपक्यात लाल किती, हिरवा किती, निळा किती. पण हे "किती" मोजायची मापं निरनिराळी आहेत. एक साधं माप, सगळीकडं चालणारं. एक मोठं, छपाईवाल्यांच्या आवडीचं, कारण त्यात जास्त भडक रंग मावतात. फोटो कुठल्या मापानं मोजलाय ह्याची चिठ्ठी फोटोबरोबर जाते. काही प्रोग्रॅम ती चिठ्ठी वाचतात आणि रंग बरोबर दाखवतात. त्या काळातले पुष्कळ प्रोग्रॅम ती वाचतच नव्हते. ते सगळं साध्या मापानंच मोजायचे आणि रंग फिका पडायचा. म्हणून सीडी दुसऱ्याला बघायला देताना फोटो आधी साध्या मापात बदलून द्यायचा असतो. एका मिनिटाचं काम. छपाईचे फोटो तसेच सीडीवर टाकताना तेवढी एक पायरी मी गाळली होती.

मी इमेल पाठवला नाही. सीडी काढून घेतली, तासाचे पैसे दिले आणि वर आले.

त्याच दिवशी रत्नाक्कांना फोन करायला हवा होता. मी केला नाही. दिवाळी जवळ आलेली, कामं पडलेली, ती उरकू आणि मग शांतपणे सांगू असं मी मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, फोनवर काय समजणार, प्रत्यक्षच जाऊ. तिसऱ्या दिवशी वाटलं, आता सांगून काय फरक पडणार, भांडण तर झालंच. खरं कारण वेगळं होतं. "शैलाताईच्या डोळ्याखालून घाल" हे ज्यांच्या तोंडी होतं त्यांच्यापर्यंत ही गोष्ट जाईल, ह्याची मला भीती वाटत होती. एका बाईवर लबाडीचा आळ आलाय आणि आपण आपल्या नावाला जपतोय, हे मला समजत होतं. समजत असूनही मी रोज सकाळी खोली उघडून कामाला बसत होते.

मधे एकदा रत्नाक्कांचा फोन आला. "पाठवलासा का तो इमेल?"

"बघते," मी म्हटलं.

"बघा ताई. तुमीच सांगिटलासा फोटो बरुबर हाय म्हणून. न्हायतर मी एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर कशाला बोलतो? आता तुमच्याबिगर माझ्या बाजूनं बोलणारं कोण हाय?"

मी "हो, हो" म्हणून फोन ठेवला.

आठव्या दिवशी परत फोन. आवाजातला खणखणीतपणा गेलेला होता. "इमेल नगा करू आता. उद्या सगळा माल आटवायचा ठरवलाय. दुसरं कोण घ्यायला तयार न्हाय. निदान चांदी तरी माघारी यील. मीना काय, जळून जाईल."

महिनाभराचं तिघींचं काम. फोन ठेवला, माझ्याजवळची सीडी पिशवीत टाकली आणि मी खोलीला कुलूप लावलं. हुपरीची पहिली मिळाली ती एसटी धरली.

रत्नाक्का स्वयंपाकघरात होत्या. मालक बाहेर भट्टीची तयारी करत होते. मी दारातच म्हटलं, "रत्नाक्का, माल आटवू नका. चूक माझी आहे."

त्यांनी मला आत बसवलं. मी समजावून सांगायला लागले. ठिपके, आकडे, चिठ्ठी, प्रोग्रॅम. त्या ऐकत होत्या, पण मला कळत होतं की माझ्या बोलण्यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मी घाबरले होते आणि घाबरलेलं माणूस अवघड बोलतं. शेवटी मी फळीवरून दोन वाट्या घेतल्या. एक मोठी, एक लहान.

"समजा, मी तुम्हाला चिठ्ठीवर लिहून दिलं, शिऱ्याला तीन वाट्या साखर घाला. मी ही मोठी वाटी धरून लिहिलं. तसं चिठ्ठीच्या मागं लिहिलंही की वाटी मोठी घ्या. पण तुम्ही मागं बघितलंच नाही आणि ह्या लहान वाटीनं तीन घातल्या."

"शिरा सपक हुणार की."

"सपकच. फोटोचं तसंच झालं. माझ्या कॉम्प्युटरनं मागचं वाचलं, मोठी वाटी घेतली. अण्णांच्या कॉम्प्युटरनं लहान घेतली. म्हणून त्यांना रंग फिका दिसला."

त्या दोन्ही वाट्या हातात घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी आण्णा लबाड न्हवतं."

"नव्हते."

"त्यांस्नी खरंच तसं दिसत हुतं."

"हो."

"आन् मी भर दुकानात त्यांस्नी लबाड म्हटलो."

मला वाटलं होतं त्या माझ्यावर चिडतील. त्यांना पहिली आठवण झाली ती अण्णांना आपण काय बोललो त्याची. वाट्या फळीवर ठेवून त्यांनी बाहेर मालकांना हाक मारली, "भट्टी पेटवू नगासा. मी निपाणीला जाऊन येतो." पदर नीट केला, पैंजणांचा एक जोड पिशवीत टाकला आणि मला म्हणाल्या, "चला."

कागलला गाडी बदलून दुपारी आम्ही निपाणीला पोचलो. शिवलिंगअण्णा साठीचे, कपाळावर विभूती, अंगात पांढरा सदरा. घरात कानडी, दुकानात मराठी, अशी तिकडची रीत. रत्नाक्कांना बघून त्यांनी हातातली वही मिटली.

"आता काय, साक्षीदार घिऊन आलीस काय?"

"साक्षीला नाही आले," मी म्हटलं. "फोटो मी काढलेत. चूक माझी आहे, ती सांगायला आले."

त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. पण कॉम्प्युटरकडं हात केला. मी माझी सीडी घातली आणि विचारलं, "तुम्ही फोटो कशात बघता?" त्यांनी स्वतः माऊस धरून फोटो उघडला. राखाडी. "हे बघा री," ते म्हणाले, "मी काय आंधळा न्हाई."

त्यांच्या कॉम्प्युटरवर स्कॅनरबरोबर आलेला दुसरा एक प्रोग्रॅम होता. तो चिठ्ठी वाचत असेल की नाही ह्याची मला खात्री नव्हती. वाचत नसता तर माझ्या बोलण्याला काही पुरावाच उरला नसता. मी त्यात तोच फोटो उघडला आणि दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी लावल्या. डावीकडं राखाडी, उजवीकडं मोरपंखी. रत्नाक्कांनी पिशवीतून पैंजण काढून पडद्यासमोर धरला. उजवीकडच्या फोटोत आणि हातातल्या पैंजणात फरक सांगता येत नव्हता.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुमी कुठलं तरी बटण दाबलासा. उठा तिथनं."

मी उठले. ते बसले. दोन्ही खिडक्या बंद केल्या आणि स्वतःच्या हातानं परत तोच फोटो आधी एकात, मग दुसऱ्यात उघडला. मग त्यांच्याजवळ मी दिलेली जुनी सीडी होती ती घालून तिच्यातलाही उघडला. तीन वेळा केलं. रत्नाक्का पैंजण तसाच धरून उभ्या होत्या, त्यांचा हात भरून आला असणार.

"हात खाली घे अक्का," अण्णा शेवटी म्हणाले. "कुंडरी. बसा दोघी."

रत्नाक्का बसल्या नाहीत. "आण्णा, मी तुमास्नी चार माणसांत लबाड म्हटलो. माझं चुकलं."

"तू माझ्या तोंडावर म्हटलीस," अण्णा म्हणाले. "मी तुझ्या माघारी म्हटलो. जास्ती कुणाचं चुकलं?" मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "माल पाठवून दे. मी घेतो सगळा."

एवढ्यावर कुणीही हो म्हटलं असतं. रत्नाक्कांनी मान हलवली. "नगं. तुमच्या गिऱ्हाइकांस्नी ह्यो रंग नगं असला तर तुमी तो ठिवून काय करणार? माझी मर्जी राखाय माल घिऊ नगा. पर त्या तिघांस्नी फोन लावा. आत्ता, माझ्या म्होरं."

अण्णांनी फोन ओढून घेतला. पहिल्या व्यापाऱ्याशी ते मराठीत बोलले, बाकी दोघांशी कानडीत. रत्नाक्कांना कानडी फार येत नव्हतं. पण त्यांचं नाव त्यांना कळत होतं, आणि "तप्पु" म्हणजे चूक, एवढं त्या भागात सगळ्यांनाच कळतं. एकेका फोनला त्या मान खाली घालून ऐकत होत्या. तिसऱ्या फोनवर पलीकडच्यानं विचारलं असावं, कारण अण्णांनी माझ्याकडं वळून विचारलं, "बाई, तुमचं दुकान कुठलं म्हणून सांगू?"

मी दुकानाचं नाव सांगितलं, माझंही सांगितलं. त्यांनी ते तसंच फोनवर सांगितलं. आठ दिवस मला ज्याची भीती वाटत होती ते अर्ध्या मिनिटात होऊन गेलं. पुढं त्यांतल्या एका व्यापाऱ्यानं माझ्याकडं यायचं काम दुसरीकडं नेलं. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते परतीच्या एसटीत.

गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो. रत्नाक्का बऱ्याच दिवसांनी मोकळ्या आवाजात बोलत होत्या. माल आता गडहिंग्लजच्या एका दुकानदाराला दाखवायचा म्हणत होत्या, मोरपंखी आवडणारी गिऱ्हाइकं पुष्कळ आहेत म्हणत होत्या. बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, "ताई, तुमास्नी हे वाटीचं कवा कळलं?"

"काल कळलं" म्हटलं असतं तर त्यांनी ते खरं मानलं असतं. शब्द तोंडापर्यंत आलेही होते.

"आठ दिवस झाले," मी म्हटलं.

"मी फोन केलतो तवा?"

"तेव्हा माहीत होतं."

त्या खिडकीकडं वळल्या. कागलला त्यांना हुपरीची गाडी धरायची होती. उतरताना त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आठ दिस मला झोप न्हवती." आणि उतरून गेल्या.

मोरपंखी माल त्यांनी आटवला नाही. गडहिंग्लज, संकेश्वर, कोल्हापूर असा थोडा थोडा करत तो संपत आलाय, असं मला दुसऱ्यांकडून कळलं. त्यांच्याकडून काही कळलं नाही. त्या माझ्याकडं येत नव्हत्या आणि मीही जायचं धाडस केलं नाही. ज्यांना ज्यांना मी आधी सीड्या दिल्या होत्या त्या सगळ्यांना मात्र मी बोलावून घेतलं, झालेली चूक सांगितली आणि फोटो साध्या मापात बदलून नव्या सीड्या दिल्या. काहींच्या लक्षातही आलं नव्हतं. एक लोणचेवाले म्हणाले, "तरीच आमचं लोणचं आजारी दिसत होतं."

उन्हाळ्यात एक दिवस जिन्यात चपलांचा आवाज आला आणि रत्नाक्का दारात उभ्या राहिल्या. मी उठून उभी राहिले. त्यांनी पिशवीतून पैंजण काढून टेबलावर ठेवला. त्यातला मीना राखाडीकडं झुकलेला, मवाळ, पावसाळी आभाळासारखा. शिवलिंगअण्णांना चुकून दिसलेला तो रंग त्यांनी चार महिने खटपट करून खरोखर तयार केला होता.

"आण्णांनी बघिटला. पायजे म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "फोटो काढा."

मी खुर्ची पुढं केली. त्या बसल्या नाहीत.

"पर एक सांगतो ताई. चुकत्यात माणसं. माझाबी मीना कितींदा जळालाय. ह्या बारीला काय चुकलं, तर त्याच दिशी सांगायचं. दुसरा दिस न्हाय."

"त्याच दिवशी," मी म्हटलं.

मग त्या बसल्या. मी फोटो काढले, साध्या मापात बदलले, दोन वेगळ्या प्रोग्रॅमांत उघडून त्यांना दाखवले. त्यांनी पैंजण धरून दोन्ही निरखून बघितले आणि सीडी घेऊन गेल्या.

त्यानंतर दुकान बंद करेपर्यंत त्यांचं काम माझ्याकडंच राहिलं. एकदा, दोन-तीन वर्षांनी, सीडीवर फोटोंची नावं घालताना मी घुंगरांच्या एका जोडाला चुकून दुसऱ्याचं नाव घातलं. रंगाशी संबंध नाही, मालाशी नाही, नुसतं नाव. संध्याकाळी लक्षात आलं. मी लगेच हुपरीला फोन लावला आणि झालेलं सांगितलं.

पलीकडं त्या हसायला लागल्या. "आवो, एवढ्यासाठी फोन केलासा? उद्या सांगिटला असता तर काय बिघडलं असतं?"

"तुम्ही म्हणाला होता, त्याच दिवशी."

त्यांचं हसणं थांबलं. मागं कुठंतरी घुंगरं निवडल्याचा आवाज येत होता.

"बरं केलासा," त्या म्हणाल्या.